शेवटची तू

गाइडच्या मुलींना घेऊन तू पहिल्यांदाच मुक्कामी सहलीला निघालीस, त्याबद्दलचा तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. दोनदा चष्मा पुसावा लागला, एवढा लांब. एकूण अकरा प्रश्न. तंबू भाड्याने आणायचे की गावच्या शाळेत झोपायचं, संमतीपत्रावर आई-बाबा दोघांच्याही सह्या हव्यात का, भांडी किती न्यायची, डासांचं काय करायचं. आणि सगळ्यात खाली, चुकून बोट लागून गेल्यासारखी बारावी ओळ: 'बाई, मला जमेल ना?'

त्या बाराव्या ओळीचं उत्तर मी देणार नाही. 'जमेल गं' म्हणायला तुला मैत्रिणी आहेत. अकरा प्रश्नांचीही देईन, पण शेवटी आणि घाईघाईने. कारण जे विचारायला हवं होतंस ते त्यात नाहीच.

रविवारी कान्हेरीहून परतलीस तेव्हा मला फोन केलास. आवाज ओळखू येईना, इतका घसा बसलेला. दोघी भांडल्या, एक सारखी मागे राहत होती, यायला उशीर झाला म्हणून दोन पालक बोलले, हे सगळं तू सांगितलंस. मी ऐकत होते तो तुझा घसा. घसा बसला म्हणजे तू पुढे होतीस. बोरिवलीच्या गेटापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर मान मागे वळवून 'चला गं, चला' करत गेलीस. मागे चालणारीला ओरडावं लागत नाही.

तेव्हा एकच सांगते आणि तेच सांगत राहणार आहे. शेवटची तू. वाटेवर शेवटची तू, गाडीत चढताना शेवटची तू, ताटावर बसताना शेवटची तू, रात्री झोपताना शेवटची तू.

हे मला कोणी शिकवलं नाही. म्हणजे शिबिरात शिकवलं असेल, पण तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत असणार.

माहुली किल्ल्यावरची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कुणालाच धड सांगितलेली नाही. मी तेव्हा तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गाइड कंपनीची, म्हणजे मुलींच्या पथकाची, नवी नवी कॅप्टन, शिटीच्या दोरीला स्वतः वेणी घातलेली. डिसेंबरचा रविवार. सव्वीस मुली. सोबतच्या बाईंना आदल्या रात्री ताप भरला, त्या आल्या नाहीत. दादरच्या फलाटावर सव्वीस चेहरे स्कार्फ बांधून उभे. कसं सांगणार परत जा म्हणून? तरी गेले. (इथेच पहिली चूक. दुसरी मोठी बाई नसेल तर सहल रद्द, फलाटावरून रद्द, रडारड झाली तरी रद्द. पुढे मी दोनदा अशी रद्द केली आणि दोन्ही वेळा पालकांच्या शिव्या खाल्ल्या. गोड लागल्या.)

आसनगावला उतरलो, माहुली गावापर्यंत चालत गेलो, चढ सुरू झाला. मी अर्थातच सगळ्यांच्या पुढे. आणि मी शहाजीराजांची गोष्ट सांगत होते. १६३६ साली मुघल आणि आदिलशाही फौजांनी राजांना याच माहुलीवर कसं कोंडलं, निजामशाहीचा बालराजा त्यांच्याबरोबर कसा होता, शेवटी हत्यार खाली ठेवावं लागलं ते कसं. गोष्ट मला छान सांगता यायची, आणि छान सांगता येते हे मला ठाऊक होतं. दहा-बाराजणी माझ्याभोवती घोळका करून, तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. त्यांच्या मागच्यांना अर्धवट ऐकू येत होतं. शेवटच्यांना काहीच नाही.

वर पोचल्यावर मोजल्या. पंचवीस. पुन्हा मोजल्या. पंचवीस.

मोठ्या दोन पेट्रोल लीडर्सना (पेट्रोल म्हणजे कंपनीतला छोटा गट, लीडर त्यातलीच एक मुलगी) म्हटलं, सगळ्यांना इथे सावलीत बसवा, कुणी हलायचं नाही. आणि मी उतरायला लागले. डिसेंबरात मुंबईकडे सहाला सूर्य बुडतो. झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. किती वाजले होते ते मला आजही सांगता येईल, कारण मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. ती सापडली तेव्हा साडेचार झाले होते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एका दगडावर बसली होती, गुडघे जवळ घेऊन. थंडी होती तरी स्वेटर अंगात नव्हता. कमरेला बांधला होता. तेरा वर्षांची पोर. बघितल्या बघितल्या कळलं काय झालंय ते. तिचं पहिल्यांदाच होतं.

मी विचारलं, अगं, हाक का नाही मारलीस? ती म्हणाली, "बाई, तुम्ही गोष्ट सांगत होतात."

परत आल्यावर तिच्या आईला मी सांगितलं, पाय मुरगळला म्हणून मागे राहिली. मुलीची लाज राखायची म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. कुणाची लाज राखली ते तूच ठरव. ती पोर पुढच्या शनिवारी कंपनीत आली नाही. नंतरही आली नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा लोकलमध्ये समोर बसलेली दिसली, मांडीवर तिची मुलगी. तिने ओळखलं, हसली, 'कशा आहात बाई' म्हणाली. मला बोलायचं होतं. घाटकोपर आलं, ती उतरली.

आणि एक मजा सांगू? वर ठेवलेल्या पंचवीसजणी. मी परत चढून गेले तेव्हा पेट्रोलवार बसल्या होत्या, डबे खाऊन झाले होते, कागद गोळा झाले होते, माझ्यासाठी दोन पोळ्या नि लोणचं झाकून ठेवलं होतं. चौदा वर्षांच्या पोरींनी केलं हे. पुढे चालायला त्यांना माझी गरजच नव्हती. गरज होती ती एकीला, आणि ती मागे होती.

म्हणून शेवटची तू.

आता तू म्हणशील, बाई, मग पुढे कोण? पेट्रोल लीडर. तेवढ्यासाठीच ती असते, बाहीवरच्या पट्ट्या मिरवायला नव्हे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरलं तेव्हा स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने जेमतेम वीस-एक मुलं चार पेट्रोलमध्ये वाटली: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू. (कर्ल्यू म्हणजे तो लांब वाकड्या चोचीचा, हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात दिसतो. मुलींना एकदा ने.) प्रत्येक पेट्रोलला आपला आपला नायक. सगळी इमारत त्यावर उभी आहे, आणि आपण पुढे धावून रोज ती पाडतो. शिवाय आपण मुली या चळवळीत आलो त्याच मुळी बिनबोलावलेल्या. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउट मुलांचा मेळावा होता, तिथे काही पोरी स्वतःहून गणवेश घालून उभ्या राहिल्या. रांगेत कुठे उभं राहायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचीला नियम एकच. फाटा आला की थांब. वाट कितीही ओळखीची असो, शेवटचा माणूस, म्हणजे तू, दिसेपर्यंत पाऊल पुढे नाही. आणि तू पोचलीस की लगेच निघायचं नाही! हे लक्षात ठेव, कारण याच्यावर मी अनुभवी लोकांना चुकताना पाहिलंय. पुढच्या दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागची धापा टाकत येते, आणि ती आली की या उठतात, 'चला, आल्या सगळ्या'. म्हणजे जिला विश्रांती हवी तिला ती दिवसभर मिळतच नाही. शेवटची पोचल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं. सगळ्यांनी.

मागे राहणारीची सॅक उघडून बघ. हळूच, चारचौघींत नको. आईने चार डबे दिलेले असतात, त्यात एक स्टीलचा, वर अख्खं काकडीचं पुडकं. वाटून टाक. आणि तिला रांगेत दुसरी घाल, पेट्रोल लीडरच्या पाठोपाठ. चाल तिच्या पायाने ठरू दे. बाकीच्या कुरकुरतील. कुरकुरू देत.

मागून काय दिसतं ते पुढून कधीच दिसत नाही. कुणाच्या बुटाचा तळ सुटायला आलाय. कोण कुणाशी बोलत नाहीये. कोण सकाळपासून बाटली उघडत नाहीये, कारण पाणी प्यायलं तर आडोशाला जावं लागेल. मुली असं करतात, तूही करायचीस. म्हणून तासाभराने तूच म्हणायचं, 'मला जायचंय, कोण येतंय?' चौघी लगेच उठतात बघ. तुझ्या पिशवीत पॅड, जुने वर्तमानपत्र, एक जादा सलवार. प्रथमोपचाराच्या पेटीत नको, ती सगळ्यांसमोर उघडते.

मला यावरून खूप ऐकावं लागलंय. स्टाफरूममध्ये मला 'शेपटीच्या बाई' म्हणायचे. एकदा तुंगारेश्वरला पुढच्या पेट्रोलने फाट्यावर न थांबता भलतीच वाट धरली आणि आम्ही सगळ्या कुणाच्या तरी शेतात जाऊन निघालो. त्या घरच्या आजींनी ताक दिलं. तासभर उशीर झाला. त्यावर मला बसवून विचारण्यात आलं, 'कॅप्टन पुढे का नव्हत्या?' मी म्हटलं, मी पुढे असते तर वाट चुकली नसती, आणि त्या पोरींना फाट्यावर थांबायचं का असतं ते जन्मात कळलं नसतं. पटलं नाही कुणाला. नंतर वरच्या शिबिरांना मला बोलावणं आलं नाही. असो. तुझ्याही वाट्याला हे येईल, आणि तेव्हा तुला माझ्यासारखा हट्ट धरता यायला हवा. कधी कधी वाटतं, मी जरा जास्तच धरला. पण ताक प्यायलेल्या त्या चौदाजणींपैकी एकही हरवली नव्हती, हे तरी कुणी मोजलं का?

लोकलचं बोलू, कारण मुंबईतून निघणाऱ्या सहलीत डोंगरापेक्षा फलाट अवघड. सोबतची मोठी बाई आधी चढेल, मग पेट्रोलवार पोरी, एकाच डब्यात, मग तू. तुझा पाय आत पडेपर्यंत गाडी सुटली आणि कुणी खाली राहिलीच, तर तिच्याजवळ तू असशील. एवढाच हिशेब आहे. तू आधी चढलीस तर फलाटावर राहणारी पोर एकटी राहील. मुलींना पाठ करून घे: खाली राहिलात तर तिथेच इंडिकेटरखाली उभं राहायचं, दुसरी गाडी पकडून मागे यायचं नाही. उतरतानाही शेवटची तू. बाकाखाली आणि वरच्या रॅकवर बघून. आणि शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघ. तो न बघता रविवारी निघणारी कॅप्टन मुंबईची नव्हे.

आता तुझे अकरा. तंबू नकोत, पहिल्या वेळी शाळेची पडवी बरी. गावात पत्र आधी पोचव, नंतर फोन. सही एका पालकाची चालेल, पण कागदावर. औषधं नि अ‍ॅलर्जी त्याच कागदावर, आणि तो कागद तुझ्या खिशात, ग्रुपवर नव्हे. दोन मोठी पातेली, बाकी ताट-वाटी जिची तिची. डासांना पूर्ण बाह्या. अत्तर, सेंट कुणी लावायचं नाही, आणि कड्यावर मोहळ दिसलं तर धूर नि आरडाओरडा दोन्ही बंद. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, १०८ लावायचा आणि जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे हे जायच्या आधी ठाऊक हवं, तिथे जाऊन शोधायचं नसतं. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा असेल तर ती सहलच नको. वाट आधी एकदा स्वतः चालून ये, त्या दिवशी खुशाल पुढे चाल. एकटी मुलगी आणि एकटी मोठी व्यक्ती अशी जोडी बंद दाराआड कधीही नाही. मोठी व्यक्ती तू असलीस तरी नाही. ग्रुपवर दिवसातून दोन मेसेज: पोचलो, निघालो. फोटो दुसऱ्या दिवशी. ज्या आयांना दर तासाला फोटो हवाय त्यांना सांग, बाईंचे हात मोकळे नाहीत. रिसॉर्टची बस सुचवणाऱ्या तुझ्या त्या सहकाऱ्याला माझा नमस्कार सांग, बाकी काही नको.

राहिलेले दोन प्रश्न मला कळलेच नाहीत. भेटशील तेव्हा विचार.

परतल्यावर पोरी आपापल्या घरच्यांबरोबर जायला लागतील. तुलाही घर दिसायला लागलेलं असेल, अंग दुखत असेल. स्टेशन सोडायचं नाही. कुणाचे तरी बाबा उशिरा येतातच, कुणाची आई ड्युटीवरून थेट येते. त्या एकीसाठी सॅकच्या वरच्या कप्प्यात पार्ले-जीचा एक पुडा ठेव, दिवसभर कुणी कितीही मागितला तरी फोडू नकोस. दोघी बाकावर बसून खा. ती गेली की मग मला फोन कर. अकरा वाजले तरी चालेल, मी जागीच असते.