भाडं मुंबईत ठरतं, फेरी आगारात

भाऊ, तुमचं म्हणणं असं की सकाळची गाडी आठवड्यातून दोनतीनदा येतच नाही, वरून भाडं वाढलं, मुलगी अकरावीला तालुक्याला जाते, आणि आता गावातले चारपाच घरं मिळून महिन्याच्या बोलीवर काळीपिवळी लावायची म्हणतात. खुशाल लावा. पण एसटीचा नाद सोडू नका.

भाडं आणि फेरी, ही दोन वेगळी भांडणं आहेत. 25 जानेवारी 2025 पासूनची 14.95 टक्के वाढ राज्य परिवहन प्राधिकरणाने मंजूर केली. साध्या गाडीचा 6 किलोमीटरचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपयांवर गेला. टप्पा अर्धा मोजत नाहीत, म्हणून 25 किलोमीटरवरच्या गावाला पाच टप्पे, म्हणजे 30 किलोमीटरचे पैसे बसतात. याच्यावर कंडक्टरशी हुज्जत घालून काय होणार? त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त मशीन आहे. रोज जाणाऱ्याने मासिक पास काढावा, 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस. बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. तुमच्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत. काळीपिवळीत यातलं काहीच नाही.

आता पास खिशात आणि गाडीचा पत्ता नाही, हे खरं दुखणं. हे मात्र आगारातच ठरतं. सकाळी एक गाडी नादुरुस्त, एक ड्रायव्हर रजेवर, अशा वेळी कोणती फेरी कापतील? नागपूरची तर नाहीच. ज्या गावातून बोंब येत नाही, त्या गावची. मग लोक फाट्यावर थांबणं सोडतात, भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचा हिशेब, पडतो, आणि पुढे कागदावर येतं की प्रवासी मिळत नाहीत, फेरी बंद. म्हणून ज्या दिवशी गाडी येईल त्या दिवशी गाडीतच बसा, काळीपिवळी समोर उभी असली तरी. तिकिटं मशीनमधून निघाली पाहिजेत.

तक्रारीत 'गाडी कधीच येत नाही' असं लिहू नका. ते खरंही नसतं आणि त्यावर उत्तर देणं त्यांना सोपं जातं. फाट्यावरच्या चहावाल्याकडे एक वही ठेवा: तारीख, फेरीची वेळ, आली का, किती उशिरा. आषाढीच्या जादा गाड्या, निवडणूक, हिवाळ्यातल्या शाळांच्या सहली, या दिवसांत गाड्या कमी पडतातच. ते दिवस वेगळे लिहा, नाहीतर तेवढेच दाखवून तुमचा अख्खा हिशेब उडवून लावतील. महिनाभराची वही झाली की ग्रामसभेचा ठराव, कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र आणि वहीची झेरॉक्स आगार व्यवस्थापकाला द्या, प्रत विभाग नियंत्रकाला. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. एसटीने जुलै 2024 पासून सोमवारी नि शुक्रवारी 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक पाळीपाळीने आगारात बसतात. तुमच्या आगाराची तारीख विचारून त्याच दिवशी जा.

तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून एवढंच मागा: अमुक फेरी मागच्या तीन महिन्यांत कोणत्या तारखांना रद्द झाली आणि प्रत्येक वेळचं कारण. रद्द किलोमीटरचा हिशेब आगार ठेवतंच. 'रस्ता खराब' असं उत्तर आलं तर भांडण जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाशी आहे, आगाराशी नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हे कारण पुष्कळदा खरंही असतं.

आणखी एक. तुमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत असेल तर आठवी ते बारावीच्या मुलींसाठीच्या त्या निळ्या गाड्या तुमच्या मार्गावरून का जात नाहीत, हे आगार व्यवस्थापकाला द्यायच्या अर्जात विचारा. मुलींची संख्या शाळेच्या नि कॉलेजच्या शिक्क्यानिशी जोडा.

आगारातला हा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचवा. विदर्भातल्या शाळा महिन्याच्या शेवटी उघडतात, आणि शाळेच्या फेऱ्यांची जुळवाजुळव त्याच्या आधी होते. दिवाळीनंतर गेलात तर सांगतील, आता गाड्या सहलींना लागल्या, पुढच्या वर्षी बघू.