मियागामला तिसरा रूळ टाकला असता तर माल उतरवावा लागला नसता का?

प्रश्न असा होता: मुख्य मार्गाची 1676 मिमी गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) ब्रॉडगेज आणि डभोईची 762 मिमीची नॅरोगेज गुजरातमधल्या मियागाम स्टेशनला भेटत होत्या, मग तिसरा रूळ टाकून माल थेट का नेला नाही?

तिसरा रूळ बसतो. एक रूळ दोघांचा सामाईक, दुसऱ्या बाजूच्या दोन रुळांत 914 मिमीचा फरक, म्हणजे जागा भरपूर. पण चाकं आसावर पक्की असतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. तिसरा रूळ जिथे संपेल तिथे वाघीणही (मालाचा डबा) थांबणार. शिवाय दोन्ही गेजच्या मध्यरेषा 457 मिमीने सरकलेल्या, त्यामुळे शंटिंगला, म्हणजे डबे हलवून जोडताना, कपलिंग (डब्यांची जोडणी) समोरासमोर येत नाही.

आणि खरी अडचण रुळाच्या वजनाची. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या काळात 1862 मध्ये ही डभोईची लाईन बैलांनी सुरू झाली. 1863 मध्ये इंजिनं आली, पण दर यार्ड (तीन फूट) लांबीला 13 पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलोचे रूळ त्यांना पेलेनात. पुढे जड रूळ टाकल्यावरच इंजिनं नियमित धावली. अशा मार्गावर ब्रॉडगेजची भरलेली वाघीण कशी जाणार? गेज बदलायचं म्हणजे रूळ, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या), पूल, वळणं, सगळंच बदलायचं.

म्हणून माल हातानेच बदलायचा. अशा शेडमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे दोन्ही वाघिणींच्या तळांची उंची. फलाट एकच आणि रूळ वर-खाली घेऊन तळ सारखे केले असतील, तर हमालाची फळी आडवी बसते. चार बोटांचा उतार पडला की पावणेदोनशे किलोच्या आसपासची कापसाची गाठ पुढच्या माणसावर घसरते. हमालाच्या लोखंडी हुकाने गोणपाट फाटतं, पावसात कापूस भिजतो. सगळ्यात मोठा तंटा मोजणीचा: सील तुटलं की तूट कोणत्या वाघिणीतली हे ठरत नाही. उपाय एकच, दोन्ही दारांशी वेगवेगळा टॅली-कारकून (नग मोजणारा) बसवायचा आणि नवं सील लावण्याआधी आकडे जुळवायचे.

जुनी जागा ओळखायची तर पडलेले लाकडी स्लीपर मोजा: ब्रॉडगेजचा 2.75 मीटर, नॅरोगेजचा साधारण दीड मीटर. रूळ शिल्लक असतील तर गेज आतल्या कडांमध्ये, माथ्याच्या 14 मिमी खाली धरून मोजतात. रुळाच्या कमरेवर (मधल्या उभ्या भागावर) कारखाना आणि साल उठवलेलं असतं, खडूने घासलं की वाचता येतं. चालू मार्गावर मात्र उतरू नका.