छोट्या फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) वाया जाणारा माल कमी करून नफा कसा वाढवता येईल?
कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव पट्ट्यातील फाउंड्री डोळ्यांसमोर ठेवली, तर रिजेक्ट कास्टिंग (सदोष ठरलेला ओतीव भाग) पुन्हा वितळवता येते म्हणून नुकसान झाले नाही, हा समज आधी सोडावा लागतो. लोखंड परत मिळते, पण भट्टीची वीज, साचा, कोअर (भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) आणि मजुरी परत मिळत नाही. दोष मशीनिंगनंतर उघड झाला, तर तोटा आणखी वाढतो. म्हणून रिजेक्शनची नोंद नुसती किलोत न ठेवता पॅटर्ननुसार (ज्या नमुन्यावरून साचा बनतो त्यानुसार) आणि ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी), कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळल्याने राहिलेली फट) अशा दोषांनुसार ठेवावी. त्यानंतर रनर-रायझरचे (साच्यात धातू नेणारे मार्ग आणि धातू आकसताना भर घालणारे जादा भाग, जे नंतर कापून टाकतात) वजन तपासावे: ओतलेल्या 100 किलो धातूतून 60 किलोच विक्रीयोग्य कास्टिंग मिळत असेल, तर उरलेले 40 किलो दर वेळी फुकट वितळवले जातात. साच्याची वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारे संयंत्र उपयुक्तच आहे, परंतु माझ्या मते त्यात भांडवल गुंतवण्यापूर्वी ही नोंदवही सुरू करावी.