सोमाली मांजर पाळणं झेपेल का?
लांब केस म्हणजे पर्शियनसारखं गादीवर लोळणारं मांजर, असं समजून आणणार असाल तर थांबा. सोमाली म्हणजे अ‍ॅबिसिनियन या आखूड केसांच्या, भारी चपळ जातीचंच लांब केसांचं रूप. एका जागी बसेल तर शपथ! आमची फ्रिजवरून थेट खांद्यावर उतरते, कपाटाचं दार पंजाने उघडायला तर आपणहून शिकली. रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं दोरीमागे पळवावीच लागते. केसांची धास्ती नको. आठवड्यातून एकदा-दोनदा विंचरलं की पुरतं, फक्त शेपूट आणि मागच्या मांड्या विसरू नका. पिल्लू घेण्याआधी आईबापांची पीके (पायरुवेट कायनेज) डेफिशियन्सी या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणी झालीये का ते विचारा. त्या आजारात लाल रक्तपेशी लवकर फुटून रक्तक्षय होतो. घर दिवसभर रिकामं असेल तर जोडीच आणा.