सीमाभागात घडणाऱ्या विज्ञानकथेत परग्रहवासी कोणाचं प्रतीक करावेत?

तुम्ही विचारलंय की परग्रहवासी लढाई न करता नुसत्या व्यापाराच्या जोरावर पृथ्वी ताब्यात घेतात आणि माणसामाणसांत गरीब-श्रीमंतीची दरी वाढत जाते, अशी उपहासात्मक विज्ञानकथा बेळगाव-निपाणी भागात घडवायची आहे. तर परग्रहवासी कर्नाटक सरकारचं प्रतीक करावेत की केंद्राचं?

कोणाचंच करू नका. सरकारचं प्रतीक केलंत की कथा पहिल्या पानावरच संपली म्हणून समजा. आमच्याकडचा वाचक दोन ओळींत ओळखेल, मान डोलावेल आणि पुढचं न वाचताच 'झकास लिहिलंय' म्हणेल. विषमतेबद्दल तुम्ही पुढे काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं उरणार नाही. इतक्या ठामपणे सांगते, कारण अशीच एक कथा मी लिहिली आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. गल्लीतल्या निम्म्या बायका वळायच्या. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या बारदानात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू पानावर पसरली, अंगठ्यानं वळली, दोरा गुंडाळला, तोंड नखानं आत मोडलं की झाली विडी. आईच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यानं कायमचं झिजलं होतं. हजाराला दर ठरलेला. पानं आणि तंबाखू ठेकेदार वजनावर द्यायचा. पानं किडकी, फाटकी निघाली तरी हजार विड्या भरल्याच पाहिजेत, कमी पडतील तेवढी पानं पदरच्या पैशानं विकत आणायची.

संध्याकाळी माल द्यायला आईबरोबर मी जायचे. मुकादम पंचवीसची जुडी हातात घ्यायचा, तोंडाकडून दाबून बघायचा आणि मनाला येईल तेवढ्या विड्या बाजूच्या डब्यात टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. पण छाट परतही मिळायची नाही. डबा तिथंच राहायचा. दुसऱ्या दिवशी जावं तर डबा रिकामा. मी एकदा आईला विचारलं, ''वाईट हुत्या तर कुठं गेल्या गं?'' ती म्हणाली, ''वडल्या असतील कुणीतरी. गप चल.'' ज्या विड्या पैसे द्यायच्या लायकीच्या नव्हत्या त्या विकायच्या लायकीच्या मात्र होत्या, हे मला त्या वयात कळलं, आणि माझ्या लेखी विषमतेची सगळी गोष्ट त्या डब्यात आहे. तो मुकादम आणि त्याच्यावरचा ठेकेदार, दोघंही अस्सल मराठी. ठेकेदार आमच्याच मंडळाच्या गणपतीची मोठी वर्गणी द्यायचा.

माझी कथा यातूनच सुचली. त्यात परग्रहवासी येतात आणि माणसांची झोप विकत घेतात. त्यांच्या ग्रहावर रात्र नाही, त्यामुळे झोप हा त्यांच्याकडे सगळ्यात महाग माल. कपाळाला एक पट्टी लावून झोपायचं, तासांप्रमाणे झोप पट्टीत भरते, सकाळी खरेदी-केंद्रावर नेऊन द्यायची. सुरुवातीला चांगला दर मिळतो. मग शेती, कारखाने, दुकानं एकेक करून त्यांची यंत्रं सांभाळू लागतात, लोकांकडे झोपेशिवाय विकायला काहीच उरत नाही आणि दर उतरतो. शहरातले पैसेवाले स्वतःची झोप ठेवून घेतात आणि वर दुसऱ्याचीही विकत घेतात. बारा-बारा तास झोपून त्यांचे चेहरे तुकतुकीत. निपाणीतल्या बाईची झोप मात्र केंद्रावर छाटीत निघते. का, तर तिच्या झोपेत हप्त्याची, पोरीच्या फीची स्वप्नं पडलेली असतात. 'काळजीची झोप चालत नाही', असा नियम. ती छाट तिला परत मिळत नाही. परग्रहवासी आख्ख्या कथेत एकदाही दिसत नाहीत. दिसतो फक्त केंद्रावरचा मुकादम. तो मराठी बोलतो, ''वहिनी, आज जरा जास्तच काळजी दिसतीया'' म्हणतो आणि पट्टी डब्यात टाकतो.

आता वाद कुठे झाला ते सांगते. सीमाभागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात: कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी. सरकारी अनुदानाच्या मागे न लागता गावातली माणसं वर्गणी काढतात, घरटी भाकऱ्या करतात, ग्रंथदिंडी काढतात. पुण्या-मुंबईच्या माणसानं एकदा तरी येऊन बघावं असा हा प्रकार आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. अशाच एका गावात मला कथाकथनाला बोलावणं आलं. आदल्या आठवड्यात संयोजकांपैकी एकांनी कथा मागवून घेतली, वाचली आणि फोन केला. कथा छान आहे म्हणाले, फक्त एवढंच करा, त्या केंद्रावरच्या माणसाच्या तोंडी चार कन्नड वाक्यं घाला, टाळ्या पडतील.

मी नाही म्हणाले. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, कार्यक्रमही झाला, लोकांनी शांतपणे ऐकलं. पण तिथं माझे मामा बसले होते. मामा बेळगावातल्या शहापूरचे, आयुष्यभर महाराष्ट्र एकीकरण समितीचं काम केलेले. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी लाठी खाल्ली आहे. 17 जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन आणि 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवादिवशी, निषेधाचा काळा दिवस त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला त्यांनी मला गाठलं. ''मुकादम मराठी कशाला दाखवलास? आपली माणसं आधीच फुटलीत, त्यात तू आणि भर घाल.''

मी म्हणाले, ''मामा, आईच्या विड्या छाटीत टाकणारा कोण होता?''

''तो विषय वेगळा.''

गेली कित्येक वर्षं आमचं भांडण या तीन शब्दांवर अडून बसलंय. त्यांच्या बहिणीचं नख ज्या कामानं झिजलं तो विषय वेगळा कसा? त्यांना वाटतं, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग मजुरीचं बघू. महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा टाकला, तो अजून चालूच आहे. तोवर विडीवाल्या बायकांनी छाटीच्या डब्याकडे बघत बसायचं का? आणि उद्या निपाणी महाराष्ट्रात गेली तर तिकडचा ठेकेदार छाट परत देणार आहे का? सोलापुरातल्या, सिन्नरमधल्या विडीवाल्या बायकांना जाऊन विचारा. त्या तर कधीपासून महाराष्ट्रातच आहेत.

तुमच्या कथेला लागणारा इतिहास याच मातीत आहे. कित्तूर बेळगाव जिल्ह्यातच येतं. 1824 साली कित्तूरच्या राजाचं दत्तकविधान ईस्ट इंडिया कंपनीनं नाकारलं, कलेक्टर थॅकरेनं खजिन्याला मोहोर लावली, राणी चन्नम्मा लढली आणि थॅकरे तिथंच मारला गेला. हे नाकारणारं कोण होतं? लंडनमध्ये जिचे शेअर विकले जात होते अशी एक व्यापारी कंपनी. हजारो मैलांवर बसलेले भागधारक, त्यांनी कित्तूर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही आणि कित्तूरच्या खजिन्यावर त्यांच्या माणसाचं कुलूप. परग्रहवासी यापेक्षा वेगळे काय असतात? पुढे राणीच्याच सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णानं बंड चालवलं तेव्हा त्यानं कंपनीच्या कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. त्याला 1831 साली फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, म्हणजे आज जिथं घराघरांत मराठी बोललं जातं त्या मुलखात. रायण्णाचं नाव घेतलं की आमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण पुतळ्यांच्या राजकारणात त्याला एकट्या कन्नडचा करून टाकलाय. मला त्याचं काही नाही. हल्ला कुठं करायचा हे त्याला बरोबर कळलं होतं, आणि तुमच्या नायकाला तेवढं कळलं तरी कथा तरेल.

दुसरं उदाहरण निपाणीचंच. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. तंबाखूचा भाव दोघांचाही सारखाच पडलेला होता. त्याच काळात तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या निपाणीच्या बायकांनी संघटना बांधली. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या फिल्म गटानं 1982 साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. कथा लिहायला बसण्याआधी तो बघाच. त्यातल्या बायका कसं बोलतात ते ऐका. आपल्या कथांमधली गरीब बाई नेहमी मुसमुसत असते, या बायका हिशोब मागतात.

राहता राहिला तुमचा प्रतीकांचा प्रश्न. विज्ञानकथेत परग्रहवासी हे फार वेळा साम्राज्याचं रूप म्हणून आले आहेत. एच. जी. वेल्सनं 1898 च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये पहिल्याच प्रकरणात सांगून टाकलंय की मंगळावरच्यांना निर्दय म्हणण्याआधी युरोपियनांनी टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा. इंग्रज वाचकाला त्यानं स्वतःच्याच देशाकडे बघायला लावलं. वेल्सची खरी ताकद ती आहे. अवकाशयानं, किरणं, यंत्रं सगळी त्याच्या नंतर. त्यानं मंगळावरच्यांना जर्मन केलं असतं तर इंग्रजांनी टाळ्या वाजवल्या असत्या. 2009 चा 'डिस्ट्रिक्ट 9' हा सिनेमा उलट्या बाजूनं जातो, त्यात परग्रहवासीच जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत कोंबलेले आहेत आणि त्यांना हुसकावणारी माणसं आहेत. दोन्हीकडे लेखक आपल्या वाचकाला सोडत नाही. तुम्हीही सोडू नका. तुमचा वाचक मराठी आहे, तर टोचलं पाहिजे मराठी माणसाला.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. वस्तू एकच निवडा आणि तिचा बाजार शेवटपर्यंत चालवा. दर कोण ठरवतं, माल नाकारतं कोण, नाकारलेला माल जातो कुठं, दलाली किती आणि कुणाला, हे सगळं लेखकाला पाठ असलं पाहिजे, कथेत त्यातलं निम्मं आलं तरी चालेल. दलालाला राक्षस करू नका. माझ्या मुकादमालाही वर हिशोब द्यावा लागतो आणि त्याची स्वतःची झोपही अधूनमधून छाटीत निघते. लोक लढून जिंकतात असा शेवट तर मुळीच नको. वेल्सच्या मंगळवाल्यांना जंतूंनी मारलं, पण आपल्याकडचे ठेकेदार असल्या कशानं मरत नाहीत. यानाचं इंधन, दुसऱ्या ग्रहाचं हवामान वगैरे मला विचारू नका, त्यात मला गती नाही आणि उपहासकथेला त्याची फारशी गरजही पडत नाही.

एक मात्र नीट समजून घ्या. भाषेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. कचेरीतला कागद न समजणं, पोराला आपल्या भाषेची शाळा न मिळणं हाही अन्यायच आहे आणि त्याची झळ पैसेवाल्यापेक्षा गरिबालाच जास्त बसते; पैसेवाला वकील लावतो, पोराला इंग्रजी शाळेत घालतो. मामांनी लाठी खाल्ली ती याचसाठी, आणि त्याबद्दल मी त्यांच्यासमोर मान खालीच घालते. माझं भांडण त्यांच्या लढ्याशी नाही, त्या तीन शब्दांशी आहे. आणखी एक, मी सांगते ती माझ्या आईच्या वेळची निपाणी. आता विडी वळणाऱ्या बायका कमी झाल्यात, पोरी दुसऱ्या कामांना लागल्यात. आजच्या काळातली कथा हवी असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या पोरांशी आधी बोला.

कथा झाली की मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचा विचार करा. जयंत नारळीकरांनी 1974 साली तिथं 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपलं नाव बघून परीक्षकांनी कौल देऊ नये म्हणून. तुम्हीही वाटल्यास आपलं गाव आणि आडनाव झाकून पाठवा, म्हणजे कथा कुठल्या बाजूची हे आधीच कुणी ठरवणार नाही. आणि संमेलनात वाचायला मिळाली तर जरूर वाचा, आमचे श्रोते लांबलचक कथाही धीरानं ऐकतात. फक्त आदल्या आठवड्यात कुणी फोन करून चार कन्नड वाक्यं घालायला सांगितली तर घालू नका. मामा भेटले तर त्यांनाही हेच सांगा, माझं ते ऐकत नाहीत.