फोटोग्राफरला इसार देण्याआधी

प्रश्न: मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत नोकरी करते. सांगलीच्या मुलाशी माझी सुपारी फुटली आहे. साखरपुडा श्रावणात आमच्याकडे होईल आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर. याद्या अजून झालेल्या नाहीत. भाद्रपदात कासला प्री-वेडिंग शूट करावे, अशी होणाऱ्या नवऱ्याची हौस आहे. त्याने पाहिलेला फोटोग्राफर शूट, साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून ८५,००० रुपये सांगतो आणि निम्मी रक्कम याच आठवड्यात मागतो. बाबा ‘होऊ दे, एकदाच होते’ म्हणतात, पण त्यासाठी ते मुदतठेव मोडणार आहेत. नको म्हटले तर सासरी काय वाटेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर: याद्या होईपर्यंत कोणालाही इसार देऊ नका. आपल्याकडे मानपान, बस्ता, जेवण, कार्यालय हे सारे याद्यांमध्ये तपशीलवार लिहिले जाते, पण फोटोचा खर्च कोणाकडे, हे बहुतेक वेळा लिहायचे राहते. मग मुलीकडचा एक आणि मुलाकडचा एक असे दोन फोटोग्राफर एकाच अंतरपाटाभोवती धक्काबुक्की करतात आणि दोन्ही घरे त्याच अक्षतांचे पैसे मोजतात. दोन्ही बाजूंनी मिळून एकच माणूस ठरवावा आणि खर्च निम्मा-निम्मा करावा, एवढी एक ओळ यादीत आली तरी बाबांचा बराच भार हलका होईल.

त्याआधी बाबांजवळ बसून, ठेवीला हात न लावता किती रक्कम उभी राहते, तो आकडा कागदावर लिहून घ्या. त्यातून पहिल्यांदा कार्यालय आणि जेवण वजा करा, कारण लग्नाचा खर्च मुख्यतः पानांच्या संख्येवर ठरतो. समजा, ताटाचा दर ३५० रुपये आहे. ‘त्यांना कसे वगळायचे’ असे म्हणत १०० माणसे वाढली, की ३५,००० रुपये गेले. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांना कार्यालये लवकर भरतात, तेव्हा घाई करायचीच असेल तर तेथे करावी. फोटोंसाठी उरेल ती रक्कम.

आता कासविषयी. पठारावर फुलांचा बहर साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात असतो, हे खरे. परंतु त्याच दिवसांत तेथे पाऊस आणि धुके असते, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने नोंदणी आधी करावी लागते आणि फुलांत पाऊल टाकायला मनाई असते. लांब घेराचा झगा सांभाळत पायवाटेवरून काढलेले फोटो मनासारखे येतीलच असे नाही. शिवाय भाद्रपदाच्या उत्तरार्धात पितृपक्ष लागतो. दोन्ही घरची वडीलधारी माणसे त्या पंधरवड्यात अशा हौसेला राजी आहेत का, तेही विचारून घ्यावे. लिंबची बारा मोटेची विहीर किंवा संगम माहुलीचा घाट तुमच्या अगदी जवळ आहे. तेथे परवानगीची चौकशी करून एका सकाळी, घरच्याच साडीत उत्तम फोटो निघू शकतात. खरे सांगायचे तर, साखरपुड्याच्या दिवशी ओटी भरून झाल्यावर तुम्हा दोघांना अर्धा तास मोकळा मिळाला, तरी वेगळ्या शूटची गरज उरेलच असे मला वाटत नाही.

फोटोग्राफरचे दरपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘वाढीव पाने, प्रवास, निवास वेगळा’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि सातारा–सांगली अंतर पाहता तुमच्या बाबतीत तो खर्च नक्की लागेल. अल्बमची पाने किती, मूळ फोटो मिळणार का, लग्नाची तारीख पुढे गेल्यास इसाराचे काय, हे लेखी घ्या.

राहिला सासरचा प्रश्न. नकार बाबांच्या तोंडून जाऊ देऊ नका. याद्यांच्या बैठकीआधी तुम्हीच होणाऱ्या नवऱ्याला ठेवीची गोष्ट स्पष्ट सांगा. शूट हवेच असेल, तर दोघेही कमावते आहात, तेव्हा तो खर्च दोघांनी आपापल्या पगारातून करावा. हे ऐकून तो रागावला, तर ते लग्नाआधी कळलेले बरे.

प्रश्न: आमच्या साखरपुड्याचे फोटो फोटोग्राफरने न विचारता स्वतःच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकले. त्याला तसे करता येते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे आधी तुम्ही सही केलेली पावती काढून वाचा. जाहिरातीसाठी फोटो वापरण्याची मुभा तिच्यात छापलेली असू शकते. तशी नसेल, तर फोटो काढून टाकण्याची मागणी लेखी करा आणि उरलेली रक्कम ते काम झाल्यावर द्या.