आयडल व्हॉल्व्ह बदलण्याआधी

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: गाडी उभी असताना, म्हणजे आयडलवर, इंजिन नीट चालत नाही.

प्रश्न : माझी २००८ची पेट्रोल गाडी आहे. सिग्नलजवळ क्लच दाबला की बंद पडते, चावी फिरवली की लगेच चालू होते. गॅरेजमध्ये आयडल व्हॉल्व्ह बदलायला सांगितलंय. बदलू का? (सांगली)

आधी साफ करून बघा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या मुख्य वाटेवरची, चकती जवळपास मिटते. मग इंजिनाला हवा मिळते ती शेजारच्या एका छोट्या वाटेने. ही वाट कमी-जास्त उघडायचं काम आयडल व्हॉल्व्हचं. काही मिस्त्री त्याला स्टेपर मोटर म्हणतात. इंजिनातली तेलकट वाफ तिथे बसते, काळी चिकट पुटं चढतात आणि व्हॉल्व्हची सुई अडखळायला लागते. क्लच दाबल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) झपकन खाली येतात, नेमकी तेव्हा हवा उशिरा पोचते आणि इंजिन बंद. पुन्हा लगेच चालू होतं, यावरून पेट्रोल आणि स्पार्क बहुधा ठीक आहेत.

इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि व्हॉल्व्ह खोला. बहुतेक गाड्यांत दोनच स्क्रू असतात, पण ते जाम असतात. डोकं सपाट होईल इतका जोर लावू नका. सुई खाली राहील असा व्हॉल्व्ह धरून थ्रॉटल क्लीनर फवारा, म्हणजे क्लीनर मोटरच्या बाजूला उतरणार नाही. मऊ ब्रशने पुसा. सुई बोटाने आत ढकलू नका, आतले आटे जातात. व्हॉल्व्ह बाहेर असताना कपलर (वायरचा जोड) लावून चावीही देऊ नका, काही गाड्यांत सुई सुटून हातात येते. थ्रॉटल बॉडीतलं भोकही तितकंच साफ करा. अनेक जण ते विसरतात, आणि खरी घाण तिथेच असते. रबरी रिंग कडक झाली असेल तर नवी टाका.

प्रश्न : इंजिन गरम झाल्यावरही आरपीएम १५००च्या खाली येत नाहीत. नवा व्हॉल्व्ह टाकला, तरी तसंच. (नाशिक)

पैसे आधी गेले, तपासणी मागे राहिली, याचं मला खरंच वाईट वाटतं. गरम इंजिनाचे आरपीएम साधारण ७५० ते ९०० असतात. १५०० म्हणजे जास्तीची हवा कुठून तरी आत शिरतेय, किंवा गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटतंय.

पहिली शक्यता तपासायला पकडीला कापड गुंडाळा आणि इंजिन चालू ठेवून इनटेकला (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेला) जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून दाबा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. एखादी नळी दाबल्यावर आरपीएम एकदम उतरले, तर त्याच वाटेवर शोधा. ब्रेक बूस्टरची नळी आणि पीसीव्हीची (इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी उन्हाने, तेलाने तडकलेली असते. वरून धड दिसते, वाकवली की खालच्या बाजूची भेग उघडते.

दुसरी शक्यता आपल्याकडे फार आढळते. गाडी तापते म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असतो. मग इंजिन पुरेसं गरमच होत नाही, कॉम्प्युटर आयडल चढवून ठेवतो आणि पेट्रोलही जास्त जातं. तापमानाचा काटा नेहमी खालीच राहतो का, ते बघा. कूलंट कमी असेल आणि तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडला असेल, तरी असंच होतं. थ्रॉटलचा रंग लावलेला स्टॉप स्क्रू कुणी फिरवलाय का, तेही पाहा. तो हलला असेल, तर चकती मिटलीय हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि नव्या व्हॉल्व्हचाही उपयोग होत नाही.

प्रश्न : एसी लावला की सगळी गाडी थरथरते. (पिंपरी)

थरथर चालू असताना आरपीएम बघा. पडत असतील तर स्कॅनर (कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून घ्या. व्हॉल्व्ह उघडण्याचा आदेश वाढतोय पण आरपीएम वाढत नाहीत, तर हवेची वाट तुंबली आहे किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. आरपीएम स्थिर असूनही थरथर असेल, तर इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासा.

प्रश्न : पेट्रोलवर छान चालते, सीएनजीवर थांबली की बंद पडते. व्हॉल्व्ह गेला का? (पनवेल)

नाही. दोन्ही इंधनांना व्हॉल्व्ह एकच आहे. पेट्रोलवर नीट असेल तर गॅस फिल्टर, रेड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर, प्लग आणि किटचं ट्यूनिंग बघा. गॅसची गळती वाटली तर घरी हात लावू नका, अधिकृत सीएनजी केंद्रात न्या.

प्रश्न : २०१८ची गाडी आहे. थ्रॉटल साफ केल्यापासून आरपीएम १४०० आहेत. व्हॉल्व्ह नेमका कुठे असतो? (कोल्हापूर)

तुमच्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल नसेल, तर वेगळा व्हॉल्व्हही नाही. छोटी मोटर थ्रॉटलची चकतीच किंचित उघडते. काजळी होती तेव्हा ती जास्त उघडायची सवय कॉम्प्युटरला लागली होती, आता चकती स्वच्छ झाल्यावर तीच हवा जास्त होते. बऱ्याच गाड्या काही दिवसांच्या वापरात आपोआप जुळवून घेतात. नाही जमलं तर स्कॅनरवरून आयडल लर्निंग (चकती किती उघडायची ते कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं) करून घ्या. आणि साफ करताना चावी चालू ठेवून चकती बोटाने ढकलली असेल, तर तेही मिस्त्रीला सांगा. आतले प्लास्टिकचे गिअर तपासावे लागतील.